लॅपटॉपच्या सीडी-कप्प्याचे झाकण : ओढण्यापूर्वी

संस्थेच्या अभ्यासिकेत दोन जुने लॅपटॉप आहेत, हे सभासदांना ठाऊक आहेच. दोन्ही साधारण २०१४ सालच्या बनावटीचे. आपले वापरातून गेलेले यंत्र मुलांच्या उपयोगी पडावे म्हणून दोघा सभासदांनी दिलेले. २०२५ च्या दिवाळीनंतर त्यांची अशी गत झाली की, बटण दाबून बाहेर चहा घेऊन यावे, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असायचे. दिवस शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर कागदपत्रे चढवायची आणि मागे सात-आठ मुले ताटकळत उभी. कार्यकारिणीच्या बैठकीत 'भंगारात द्या आणि नव्यासाठी वर्गणी काढा' असा सूर निघाला. वर्गणी कोणाकडून निघते आणि किती दिवसांनी निघते, हे आपण सारे जाणतो. आम्ही एवढेच म्हणालो की, भंगारात देण्यापूर्वी एक रविवार आम्हाला द्यावा.

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेत कारकून. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण आमचे झालेले नाही. या विषयात जे काही येते, ते बहुतांशी बिघडवून शिकलेलो आहोत. त्यामुळे आधी आमची फजिती सांगणे योग्य ठरेल.

२०१९ साली घरच्या लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी बसवावी असे आमच्या मनाने घेतले. सीडीच्या कप्प्याचे दर्शनी झाकण, म्हणजे ज्यावर ते छोटे बटण असते ती प्लास्टिकची पट्टी, हीच काय ती अडचण आहे असे समजून आम्ही तिच्या फटीत स्क्रूड्रायव्हरचे टोक घातले आणि वर उचकटले. 'टक्' असा आवाज झाला. पट्टीची एक आकडी तुटून आत पडली, बाहेरच्या कडेला ओरखडा उठला आणि ड्राइव्ह मात्र जागची तसूभरही हलली नाही. पुढे दोन वर्षे त्या पट्टीला चिकटपट्टी लावून दिवस काढले.

चूक कोठे झाली? बँकेत लॉकरला दोन किल्ल्या लागतात. बँकेची किल्ली फिरविल्याशिवाय ग्राहकाने आपल्या किल्लीशी कितीही झटापट केली, तरी दार उघडत नाही. लॅपटॉपचेही असेच आहे. समोरची पट्टी ड्राइव्हला धरून ठेवीत नाही. उलट पट्टीच ड्राइव्हला लटकलेली असते. ड्राइव्हला धरून ठेवतो तो पोटाखालचा, बहुधा एकच, लहानसा स्क्रू. तो काढला की ड्राइव्ह आपल्या पट्टीसह सरळ बाहेर सरकते. आमची सारी शक्ती खर्च झाली ती चुकीच्या बाजूला.

आता हा एवढा मोठा कप्पा कशासाठी, असे विद्यार्थी विचारतील. १९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हा तिचा व्यास १२ सेंटिमीटर ठरला आणि पुढे डीव्हीडीनेही तोच ठेवला. त्यामुळे लॅपटॉप कितीही बारीक झाला, तरी जोपर्यंत त्यात चकती घालायची आहे, तोपर्यंत एवढी जागा सोडणे भागच होते. लॅपटॉपची 'अडीच इंची' म्हणून ओळखली जाणारी डिस्क सुमारे ७ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब असते. म्हणजे सीडीच्या जागेत ती बसून वर जागा उरते. ही उरलेली जागा भरून काढणारी जी पत्र्याची किंवा प्लास्टिकची चौकट मिळते, तिला कॅडी म्हणतात. काही शे रुपयांत मिळते. चकत्यांचा वापर आता फारसा राहिलेला नाही. तेव्हा त्या कप्प्यात दुसरी डिस्क बसवणे हा जुन्या यंत्राचा चांगला उपयोग आहे.

परंतु दुकानात जाण्याची घाई करू नये. आधी झाकण काढावे, आतले पाहावे, मोजावे आणि मगच खरेदी करावी. कारण झाकणामागे काय आहे, हे बाहेरून कळत नाही. काही यंत्रांत खरी ड्राइव्ह असते. काहींत, विशेषतः स्वस्तातल्या प्रकारांत, केवळ पोकळ प्लास्टिकचा ठोकळा बसवलेला असतो आणि मागच्या बाजूला जोडणीही दिलेली नसते. थिंकपॅडच्या टी मालिकेतील जुन्या यंत्रांत 'अल्ट्राबे' नावाचा कप्पा असे. त्याला स्क्रूड्रायव्हर लागतच नाही, खटका सरकवून ड्राइव्ह हातात घेता येते. आणि ॲपलच्या २०१२ पर्यंतच्या ज्या मॅकबुक प्रोमध्ये सीडीची फट आहे, तेथे काढण्यासारखे समोरचे झाकणच नाही. खालचा संपूर्ण पत्रा दहा स्क्रू काढून उघडावा लागतो. आपल्याकडील दोन्ही यंत्रे साध्या घडणीची, पोटाखाली स्क्रू असलेली.

ठरल्या रविवारी अभ्यासिकेतील बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी मदतीला बसली. तिचे स्वतःचे शोधनिबंधाचे टिपण त्यातल्याच एका यंत्रात होते, म्हणून तिचा जीव अधिक अडकलेला. पहिली गोष्ट तिनेच केली : मुलांच्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि उतरलेल्या फायली उघडून पाहिल्या. हे दुसरे काम बहुतेक जण करीत नाहीत.

मग यंत्र चालू असतानाच ड्राइव्हचे बटण दाबून आत चकती नाही ना, हे पाहिले. वीज बंद झाल्यावर ते बटण चालत नाही. चकती नव्हती, एक जुनी बातमीपत्रिकेची घडी मात्र निघाली, ती कोणी व का घातली हे कळले नाही. त्यानंतर यंत्र पूर्ण बंद केले. झाकण मिटून झोपवणे म्हणजे बंद करणे नव्हे. विंडोजमध्ये बंद करताना शिफ्टची कळ दाबून धरली, तर यंत्र खरोखर पूर्ण बंद होते. अडॅप्टर काढला, बॅटरी काढली आणि चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली. ज्यांची बॅटरी आत बंदिस्त आहे, त्यांनी बूड उघडताच सर्वांत आधी तिची जोडणी सोडवावी. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र पुढे काहीही न करता यंत्र जाणत्या माणसाकडे द्यावे. थंडीच्या कोरड्या दिवसांत अंगावर स्थिर वीज साठते. लोकरी स्वेटर उतरवून ठेवावा आणि आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी खिडकीच्या गजाला किंवा एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा.

यंत्र मऊ कापडावर पालथे घातले. पोटावर दहा-बारा स्क्रू. त्यांतला नेमका कोणता? आम्ही चष्मा शोधत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, इथे चकतीची खूण आहे बघा." खरोखरच एका स्क्रूशेजारी केसाएवढ्या रेषेने गोल चकती कोरलेली होती. अशी खूण पुष्कळ यंत्रांवर असते. नसली तर कप्प्याच्या आतल्या टोकाशी, म्हणजे लॅपटॉपच्या मध्याकडे असलेल्या बाजूला, शोधावे. क्वचित तो स्क्रू रबरी पायाखाली किंवा खालच्या झाकणाआड लपलेला असतो.

या स्क्रूचे डोके चटकन झिजते. योग्य मापाचा बारीक, फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, खाली दाब द्यावा आणि मग फिरवावे. दाब अधिक, फिरवणे कमी. कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या पोटाचे चित्र काढून, जेथला स्क्रू तेथेच चिकटवून ठेवला की शेवटी 'हा कोठला?' असा प्रश्न पडत नाही.

स्क्रू निघाल्यावर ड्राइव्ह ओढायची ती आडवी, टेबलाला समांतर. पट्टीच्या खालच्या कडेला नखाने धरण्यापुरती जागा असते. नसेल, तर स्क्रूच्या भोकातून दिसणाऱ्या पत्र्याच्या पट्टीला आतून बाहेरच्या दिशेने हलकेच ढकलावे. सुरुवातीला थोडा अडसर जाणवतो. तो मागच्या जोडणीचा. ती सुटली की ड्राइव्ह खणासारखी सरकत येते. येत नसेल, तर आणखी एखादा स्क्रू राहिला आहे असे खुशाल समजावे आणि हात थांबवावा.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. कप्प्यात दुसरी डिस्क बसवायची नसेल, केवळ रॅम वाढवायची किंवा मूळची डिस्क बदलायची असेल, तरीही पुष्कळ यंत्रांत सीडी-ड्राइव्ह आधी काढावीच लागते. कारण खालचे बूड धरून ठेवणारे दोन-तीन चपट्या डोक्याचे स्क्रू या रिकाम्या कप्प्याच्या कडेला असतात. ड्राइव्ह आत असेपर्यंत ते दिसतच नाहीत. बाहेरचे सारे स्क्रू काढले तरी बूड का सुटत नाही, म्हणून माणसे कडा उचकटतात आणि प्लास्टिकला चीर जाते. आपल्या पहिल्या यंत्रात असे दोन स्क्रू निघाले. ते दिसल्यावर २०१९ सालच्या आमच्या घरच्या प्रयोगात आणखी काय काय मोडले असते, याची आम्हाला कल्पना आली.

आता निघालेल्या ड्राइव्हवरची पट्टी. ती फेकायची नाही, कारण तिची वक्रता त्याच लॅपटॉपच्या कडेशी जुळवलेली असते. कॅडीबरोबर येणारी सरळ पट्टी बसवली तर फट राहते आणि धूळ आत जाते. ड्राइव्हच्या तोंडावर बारीक छिद्र असते. त्यात जेम क्लिप सरळ करून घातली की ट्रे बोटभर बाहेर येतो. मग पट्टीच्या आकड्या दिसतात. एक आकडी आत दाबून ती बाजू किंचित सोडवायची, मग दुसरी. सगळ्या एकदम ओढू नयेत. दहा-अकरा वर्षांचे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते. हे काम आम्ही त्या मुलीकडे दिले. तिची बोटे बारीक आणि, खरे सांगायचे तर, आमच्याहून सबुरीची. एकही आकडी न मोडता पट्टी सुटली.

ड्राइव्हच्या मागे दोन लहान स्क्रूंनी लावलेली पत्र्याची एक पट्टी असते. पोटाखालचा स्क्रू तिच्यातच बसतो. ही पट्टी कॅडीला लावण्याचे विसरले, तर कॅडी आत जाते आणि यंत्र चालूही होते. परंतु तिला धरणारे काहीच राहत नाही. लॅपटॉप उचलला की जोडणी सुटते. लिहिणे चालू असताना डिस्क अशी सुटली, तर फायली नासतात.

माप घ्यायचे ते मागच्या धातूच्या अंगाचे, पट्टीचे नव्हे. जाडी बहुधा १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर असते. काही नंतरच्या यंत्रांत ९ मिलिमीटरही आढळते. जाड कॅडी बारीक कप्प्यात जाणार नाही आणि बारीक कॅडी जाड कप्प्यात खुळखुळेल. जोडणीही पाहावी. सीडी-ड्राइव्हच्या साटा जोडणीत ७ आणि ६ असे टोकांचे दोन गट असतात, तर डिस्कच्या जोडणीत ७ आणि १५. म्हणून डिस्क तेथे थेट लागत नाही, कॅडीतील छोटी पाटी हा मेळ घालते. फार जुन्या यंत्रांत आयडीई पद्धतीची जोडणी असते. तिची कॅडी वेगळी.

आपल्या पहिल्या यंत्राची ड्राइव्ह ९.५ मिलिमीटरची निघाली. दुसऱ्यात झाकणामागे पोकळ ठोकळा, आणि विजेरीने आत पाहिले तर जोडणीची जागा रिकामी. आधी कॅडी आणली असती तर एकीचे पैसे वाया गेले असते. ठोकळा पुन्हा बसवला आणि त्या यंत्रात मूळच्या डिस्कच्याच जागी एसएसडी घालायचे ठरवले.

पहिल्यातही एसएसडी मूळच्या जागीच बसवली आणि जुनी फिरती डिस्क कॅडीत घातली. पुष्कळ जण उलट करतात. काही यंत्रांत सीडी-कप्प्याची जोडणी मुख्य जोडणीपेक्षा मंद असते. शिवाय जेथून यंत्र सुरू व्हायचे, ती डिस्क मुख्य जागी असणे सोयीचे. जुन्या डिस्कवर आता फक्त मुलांची पुस्तके आणि प्रश्नपत्रिका आहेत.

विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि २०१४ च्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून दोन्हींवर लिनक्स मिंट घातले. मराठी टंकलेखन त्यात होते आणि ब्राउझरमधून अर्ज भरता येतात. बटण दाबल्यापासून आता मिनिटाच्या आत काम सुरू होते. त्या आठवड्यात राहिलेल्या मुलांचे अर्ज याच दोन यंत्रांवरून गेले. त्या मुलीचे टिपणही सुखरूप आहे. वर्गणीचा विषय पुढील बैठकीत निघाला नाही.

काढलेली सीडी-ड्राइव्ह यूएसबीच्या बारीक पेटीत घालून अभ्यासिकेच्या कपाटात ठेवली आहे. कोणाकडे लग्नाच्या, भाषणांच्या जुन्या चकत्या असतील, तर त्या याच पेटीवरून उतरवून घेता येतील. पेटीला दोन यूएसबी टोके आहेत, दोन्ही लावावीत. एकावर तिला वीज पुरत नाही. कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे असते आणि नोंद वहीत करावी लागते.