साधे पेट्रोल की प्रीमियम?

पेट्रोल पंपावर बहुधा दोन प्रकारचे पेट्रोल मिळते. एकास साधे म्हणतात, दुसऱ्यास प्रीमियम. दुसऱ्याची किंमत अधिक असते. त्या अर्थी त्यात शक्तीही अधिक असली पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वेगासाठी बांधलेल्या स्पोर्ट्स मोटारीस तर तेच घातले पाहिजे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः एक लिटर साधे पेट्रोल व एक लिटर प्रीमियम पेट्रोल जाळले असता मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. मग किमतीतील फरक कशासाठी? याचे उत्तर एंजिनाच्या सिलिंडरात शोधावे लागते.

संपीडन व कार्यक्षमता

जर्मनीतील निकोलाउस ओटो याने १८७६ साली चार धावांचे एंजिन यशस्वी करून दाखविले. पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक मोटारी आजही त्याच तत्त्वावर चालतात. पहिल्या धावेत हवा व इंधन सिलिंडरात येतात. दुसऱ्या धावेत दट्ट्या वर येऊन हे मिश्रण दाबतो. मग विजेची ठिणगी पडून ते पेटते व तिसऱ्या धावेत तापलेले वायू दट्ट्यास खाली लोटतात. चौथ्या धावेत जळके वायू बाहेर जातात.

दुसऱ्या धावेत मिश्रणाचे आकारमान किती पटींनी कमी होते, ते दाखविणाऱ्या संख्येस संपीडन गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर जितके मोठे, तितका उष्णतेचा अधिक भाग कामी येतो. आदर्श एंजिनाच्या गणितात ८ या गुणोत्तरास सुमारे ५६ टक्के, तर १० या गुणोत्तरास सुमारे ६० टक्के कार्यक्षमता मिळते. प्रत्यक्ष एंजिनात हे आकडे पुष्कळच कमी असतात. परंतु वाढीची दिशा तीच असते. म्हणून वेगवान मोटारींचे रचनाकार संपीडन वाढविण्याची खटपट करीत असतात.

एंजिनाचा ठोका

या वाढीस एक मर्यादा आहे. सायकलीत हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हे आपण अनुभवतो. दाबलेला वायू तापतो. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असलेली हवा एकाएकी एक-दशांश आकारमानात दाबली, तर गणिताप्रमाणे तिचे तापमान ४८० अंशांच्या आसपास जाते. त्यात ठिणगी पडल्यावर ज्योत पसरू लागते, आणि तिच्या पुढे अद्याप न जळलेले मिश्रण आणखी दाबले जाऊन आणखी तापते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच हे उरलेले मिश्रण आपोआप एकदम पेटले, तर सिलिंडरात दाबाच्या लाटा उठतात व धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच एंजिनाचा ठोका म्हणतात. तो फार वेळ चालू राहिला, तर दट्ट्याचा माथा झिजतो, कधी त्यास भोकही पडते.

ऑक्टेन अंक

ठोका न देता किती दाब सहन करता येतो, हा इंधनाचा गुण आहे. तो मोजण्याची पद्धत अमेरिकन रसायनज्ञ ग्रॅहम एडगर याने १९२६ च्या सुमारास सुचविली. त्याने दोन द्रव घेतले. सरळ साखळीच्या रेणूंचे हेप्टेन फार लवकर ठोके देते. त्यास ० अंक दिला. फांद्या असलेल्या रेणूंचे आयसो-ऑक्टेन ठोक्यास चांगला प्रतिकार करते. त्यास १०० अंक दिला. एखादे पेट्रोल ९० भाग आयसो-ऑक्टेन व १० भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागले, तर त्याचा ऑक्टेन अंक ९० होय. ही परीक्षा ज्या प्रमाणित एंजिनात घेतात, त्याचे संपीडन गुणोत्तर चालू असतानाच बदलता येते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ऑक्टेन अंक हे शक्तीचे माप नव्हे, ते सहनशक्तीचे माप आहे. इथेनॉलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याचा ऑक्टेन अंक सुमारे १०८ आहे; परंतु एक लिटर इथेनॉलापासून मिळणारी उष्णता एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळले, तर मिश्रणाचा ऑक्टेन अंक वाढतो, पण दर लिटरची उष्णता सहा-सात टक्क्यांनी घटते.

शिशाचा धडा

ऑक्टेन अंक वाढविण्याचा एक स्वस्त उपाय जगाला फार महाग पडला. अमेरिकेत टॉमस मिजली याने १९२१ साली असे दाखविले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अल्प प्रमाणात मिसळल्यास ठोके थांबतात. १९२३ साली असे पेट्रोल विक्रीस आले. १९२४ साली न्यू जर्सी राज्यातील एका कारखान्यात हे द्रव्य बनविताना पाच कामगार मृत्युमुखी पडले. तरीही त्याचा वापर जगभर पसरला. मोटारींच्या धुरातून हवेत गेलेले शिसे विशेषतः बालकांच्या मेंदूस अपाय करते. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. मोटारींसाठी त्याची विक्री करणारा अखेरचा देश अल्जीरिया याने २०२१ साली ती थांबविली. आता अंक वाढविण्यासाठी फांद्यांचे रेणू, सुगंधी हायड्रोकार्बने व इथेनॉल यांचा उपयोग होतो.

दोन मोटारी

आता दोन जपानी स्पोर्ट्स मोटारींची तुलना करू. १९८९ साली निघालेल्या माझदा एम्‌एक्स-५ या छोट्या मोटारीच्या १.६ लिटर एंजिनाचे संपीडन गुणोत्तर ९.४ होते. दिसण्यात व चालण्यात ती स्पोर्ट्स मोटार खरी, परंतु अमेरिकेत तिला साधे पेट्रोल पुरत असे. २०१२ साली आलेल्या टोयोटा ८६ या मोटारीच्या २ लिटर एंजिनाचे गुणोत्तर १२.५ होते, तिला प्रीमियम पेट्रोलच आवश्यक ठरविले होते. यावरून हे स्पष्ट होते, की पेट्रोलची निवड मोटारीच्या रूपावरून किंवा किमतीवरून करावयाची नसून एंजिनाच्या गरजेवरून करावयाची असते. टर्बो-यंत्राने सिलिंडरात अधिक हवा कोंबणाऱ्या एंजिनासही बहुधा अधिक अंकाचे इंधन लागते.

आजच्या एंजिनांवर ठोका ओळखणारा संवेदक बसविलेला असतो. ठोका जाणवताच नियंत्रक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यामुळे एंजिन वाचते, पण शक्ती व कार्यक्षमता घटते. ज्या मोटारींस प्रीमियमची केवळ शिफारस असते, सक्ती नसते, त्यांची परीक्षा अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या संस्थेने २०१७ साली घेतली. प्रीमियममुळे इंधनाची बचत सरासरी २.७ टक्के व शक्तीतील वाढ सरासरी १.४ टक्के आढळली. साध्या पेट्रोलसाठी बांधलेल्या मोटारींस प्रीमियमचा काहीच लाभ होत नाही, असे याच संस्थेने २०१६ साली दाखविले होते.

आकडे वाचताना

ऑक्टेन अंक मोजण्याच्या दोन रीती आहेत. संशोधन-रीतीत परीक्षेचे एंजिन मिनिटास ६०० फेरे घेते. मोटर-रीतीत ९०० फेरे घेते व मिश्रण अधिक तापविलेले असते, म्हणून अंक कमी येतो. भारतात व युरोपात पंपावर पहिला आकडा लिहितात, तर अमेरिकेत दोहोंची सरासरी लिहितात. म्हणून अमेरिकेतील ८७ म्हणजे आपल्याकडील ९१ च्या आसपास, आणि तेथील ९१ म्हणजे आपल्याकडील ९५ च्या आसपास. अमेरिकन पुस्तिकेत ९१ वाचून येथे ९१ अंकाचे पेट्रोल भरणारा मनुष्य आपल्या एंजिनास नकळत हलके इंधन देत असतो.

सारांश असा: मोटारीची पुस्तिका उघडावी व कोणत्या रीतीचा आकडा दिला आहे ते पाहावे. प्रीमियम आवश्यक म्हटले असेल, तर तेथे काटकसर करू नये. नुसती शिफारस असेल, तर किमतीतील फरक व मिळणारा लाभ यांचा हिशेब करावा. साधे पुरेसे म्हटले असेल, तर अधिक पैसे खर्चून एंजिन बलवान होत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. प्रीमियम पेट्रोल साध्यापेक्षा १० टक्के महाग आहे व त्याने इंधनाची ३ टक्के बचत होते. केवळ पैशाच्या दृष्टीने ते परवडेल काय?

२. उंच डोंगराळ प्रदेशात हवा विरळ असते. तेथे टर्बो नसलेल्या एंजिनास कमी ऑक्टेन अंकाचे पेट्रोल का चालू शकते?

३. मिनिटास ६,००० फेरे घेणाऱ्या एंजिनात दट्ट्याची एक धाव सेकंदाच्या कितव्या भागात पुरी होते?