विनामूल्य उपचार आणि रुग्णाचा दाद मागण्याचा हक्क

धर्मादाय रुग्णालयाच्या कार्याला हातभार लावणाऱ्या हितचिंतकांकडून आम्हांस अधूनमधून एक प्रश्न विचारला जातो. ज्या रुग्णाकडून एक पैसाही घेतला नाही, तो अथवा त्याचे नातेवाईक उपचारांतील हलगर्जीपणाबद्दल रुग्णालयाकडे भरपाई मागू शकतात काय? दानाच्या भावनेने केलेल्या सेवेत हक्काची भाषा कशाला, असा भाव या प्रश्नामागे असतो. कायद्याने या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले आहे आणि ते आम्हांसही योग्य वाटते.

मराठवाड्यातील एक जुना खटला या संदर्भात समजून घेण्याजोगा आहे. १९६३ साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात एक महिला बाळंतपणासाठी दाखल झाली. प्रसूतीनंतर तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर तिची प्रकृती ढासळत गेली. पुन्हा पोट उघडले तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेत वापरलेला कापडाचा बोळा आतच राहिल्याचे आढळले. ती महिला वाचली नाही. तिच्या कुटुंबीयांनी दिवाणी दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि अखेर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ निर्णय पुन्हा कायम केला. पोटात बोळा राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा होय. नेमकी चूक कोणत्या कर्मचाऱ्याची, हे कुटुंबाला दाखविता आले नाही तरी रुग्णालय चालविणाऱ्या शासनाची जबाबदारी टळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. शस्त्रक्रियागृहात टाके घालण्यापूर्वी परिचारिका बोळे मोजून संख्या मोठ्याने सांगतात, ती बाहेर बसलेल्या आप्तांना कधी ऐकू येत नाही. पण तिचे मोल किती, हे या खटल्यावरून ध्यानी यावे.

न्याय मिळाला खरा, परंतु त्यास तेहतीस वर्षे लागली. हा विलंब टाळण्यासाठी १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा मार्ग रुग्णांना उपयोगी पडेल काय, याविषयी बराच काळ वाद होता. ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी तो मिटविला. त्या निकालात रुग्णालयांचे तीन प्रकार केले आहेत. जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते, ती रुग्णालये या कायद्याबाहेर राहतात. नोंदणीपुरते नाममात्र शुल्क घेतल्याने त्यात फरक पडत नाही. जेथे सर्वांकडून शुल्क घेतले जाते, ती अर्थातच कायद्याच्या कक्षेत येतात. तिसऱ्या प्रकारात काही रुग्ण शुल्क देतात व काहींना सेवा विनामूल्य मिळते. अशा ठिकाणी विनामूल्य उपचार घेणारा रुग्णही ‘ग्राहक’च ठरतो, कारण त्याच्या उपचारांचा खर्च शुल्क देणाऱ्यांच्या पैशांतून भागतो. तसे न मानले, तर पैसे असलेल्यालाच काळजीपूर्वक उपचारांचा हक्क उरेल, ही विसंगती न्यायालयाच्या नजरेतून सुटली नाही.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना हा तिसरा प्रकार परिचयाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि इतर रुग्णांच्या देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या देयकाचा अंश निर्धन रुग्णाच्या औषधांपर्यंत पोहोचतो, तो असा. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यातून डॉक्टर वगळले गेले, असा युक्तिवाद पुढे झाला. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नाकारला.

तथापि प्रत्येक अपयश म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. सामान्य कुशलतेचा डॉक्टर त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली गेली काय, हीच कसोटी आहे. उपचार योग्य असूनही रुग्ण दगावतो, आणि अशा वेळी शोकाकुल कुटुंबाला हे सांगणे फार अवघड जाते. उलटपक्षी, संमतिपत्रावर सही झाली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. फौजदारी कारवाईसाठी कसोटी अधिक कडक आहे. २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालानुसार त्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो आणि पोलिसांनी आधी तटस्थ वैद्यकीय मत घेणे अपेक्षित असते. रुग्णालयात तोडफोड केल्याने यांतील काहीच सिद्ध होत नाही, उलट शेजारच्या रुग्णांचे मात्र हाल होतात.

विमा व भरपाईवर होणारा खर्च देणगीच्या हेतूशी विसंगत आहे, असे काही दात्यांना वाटते. आम्ही तसे मानत नाही. इजा झालेल्या गरीब रुग्णाला भरपाई देणे हा त्याच्या उपचारांचाच उरलेला भाग होय.

नातेवाईकांनी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणी लेखी करून तिची पोच घ्यावी. ग्राहक आयोगाकडील तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. विलंबास सबळ कारण असल्यास आयोग तो माफ करू शकतो. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडेही ती दाखल करता येते व वकील नेमण्याची सक्ती नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीचे शुल्क लागत नाही. ज्याने काहीच दिलेले नाही, त्यालाही अर्थात ते भरावे लागत नाही.