कार्डाचा क्रमांक : कोणाला द्यावा, कसा द्यावा

माझी मावशी इंदूरला असते. मुलीच्या लग्नासाठी तिने बाहेरगावच्या एका दुकानातून फोनवरून साड्या मागविल्या. दुकानातील नोकराने पैशांसाठी क्रेडिट कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सॲपवर मागितला आणि मावशीने तो पाठविला. साड्या वेळेवर आल्या. परंतु पंधरा दिवसांनी त्याच कार्डावर एका परदेशी संकेतस्थळावरील अठरा हजारांची खरेदी नोंदली गेली. फोटो कोणाच्या हाती पडला, ते कळलेच नाही. बँकेने सांगितले, "माहिती आपणच दिलीत." या उत्तराचा अर्थ आपण समजून घेऊ.

कार्डावर सामान्यतः सोळा आकडी क्रमांक असतो. आरंभीच्या आकड्यांवरून कार्डाची कंपनी व बँक कळते. शेवटचा आकडा केवळ पडताळ्याचा असतो. मागील बाजूचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, हे कार्ड आपल्या हाती असल्याची खूण होय. व्यवहार मंजूर झाल्यावर ही खूण व्यापाऱ्याने साठवू नये, असा कार्ड-कंपन्यांचा नियम आहे. दोन्ही बाजूंचा फोटो मात्र सारे एकत्रच साठवितो.

मग ओटीपी कशासाठी? १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरील कार्ड-व्यवहारांस ही जादा पडताळणी सक्तीची केली. पण ती देशांतर्गत व्यवहारांसाठी होती. परदेशी दुकान ओटीपी मागेलच असे नाही. मावशी मुलाकडे अमेरिकेला गेली असताना तिने परदेशी व्यवहारांची सोय चालू केली होती, ती बंद करायची राहिली. चोराला तेवढी फट पुरली.

१ ऑक्टोबर २०२२ पासून तर भारतातील व्यापाऱ्यांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठविण्यासही मनाई झाली. त्याऐवजी 'टोकन' हा पर्यायी क्रमांक वापरला जातो. तेव्हा फोटो मागणारा दुकानदार लबाड असेलच असे नाही, पण त्याची रीत चुकीची आहे.

अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात :

१) फोनवर वा फोटोने तपशील न देता दुकानाकडून पैसे भरण्याची लिंक किंवा यूपीआयचा क्यूआर मागावा. दुकानाचा फोन नंबर आपण स्वतः खात्री करून घेतलेला असावा.
२) ओटीपीच्या संदेशातील दुकानाचे नाव व रक्कम वाचून मगच आकडे स्वतः भरावेत, कोणालाही सांगू नयेत.
३) परदेशी व्यवहार बंद ठेवावेत व खर्चाची मर्यादा बांधावी.

आता जबाबदारीचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक व ग्राहक दोघांचीही चूक नसताना ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याच्यावर भार पडत नाही. परंतु ग्राहकानेच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणून आपली चूक झाली असली तरी संकोचाने गप्प बसणे सर्वांत महाग पडते. प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करावे व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. नंतर १९३० या सायबर-गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार करावी.

मावशीने संदेश पाहताच दहा मिनिटांत कार्ड बंद केले. अठरा हजार गेले. पण अर्ध्या तासाने त्याच कार्डावर झालेला चाळीस हजारांचा दुसरा प्रयत्न फसला.