मुलाला आधी विचारा, मग ठरवा



तुमच्या घरी मुलांविषयीचे निर्णय कसे होतात, ते क्षणभर आठवून पाहा. मुलाला कोणत्या शाळेत घालावयाचे, मुलीला दहावीनंतर शिकवावयाचे की नाही, वसतिगृहात ठेवावयाचे की मामाच्या गावी पाठवावयाचे, हे सर्व रात्री जेवणे झाल्यावर आई-वडील, आजोबा, काका ठरवितात. ज्याच्या आयुष्याचा निर्णय होत असतो ते मूल शेजारीच अंथरुणावर डोळे मिटून पडलेले असते. ते झोपलेले नसते, सर्व ऐकत असते. पण त्याला कोणी विचारीत नाही.

आपण दीक्षा घेतली. घरातील देव्हारा गेला, नवस-सायास गेले, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा आली. परंतु घरात बोलण्याची जुनी रीत गेली काय? गावच्या चावडीपुढे आपल्या आज्या-पणज्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता. दूर उभे राहून जो हुकूम होईल तो ऐकावयाचा, हीच त्यांची रीत होती. त्या चावडीविरुद्ध आपण लढलो. मग तीच चावडी आपल्या घरात मुलांपुढे भरवावयाची काय? आजच्या पाठात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

तथागतांनी मुलाला कसे शिकविले?

मज्झिम निकायात अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्त आहे. परंपरेनुसार राहुल त्या वेळी सात वर्षांचा श्रामणेर होता. भगवंत त्याच्या निवासस्थानी गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडे पाणी उरले होते. तेवढ्यावरून भगवंतांनी त्याला खोटे बोलण्याचा दोष समजावून दिला. नंतर त्यांनी राहुलाला विचारले की, आरसा कशासाठी असतो? राहुलाने उत्तर दिले, पाहण्यासाठी. त्या उत्तरावरच भगवंतांनी पुढचा उपदेश उभारला : तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे की, त्यापासून स्वतःला किंवा दुसऱ्याला पीडा होते काय?

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. भगवंत पिता होते व शास्ताही होते. ते नुसती आज्ञा करू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी मुलाला प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी थांबले. दुसरी गोष्ट अशी की, स्वतःच्या कर्माची पारख करण्याचे काम त्यांनी मुलाच्याच हाती दिले. ज्या मुलाला घरात कधी विचार करू दिला नाही, ते मूल घराबाहेर गेल्यावर स्वतःचे कर्म कसे पारखणार?

थेरगाथेतील सोपाक थेरांची हकीकतही अशीच आहे. भगवंतांनी या बालकाला प्रश्न विचारले, त्याने त्यांची उत्तरे दिली आणि हीच उत्तरे त्याची उपसंपदा ठरली. तेव्हा त्याचे वय सात वर्षांचे होते. ज्या संघात मोठमोठे विद्वान होते, त्या संघात सात वर्षांच्या मुलाच्या बोलण्याला एवढे मोल मिळाले.

जे मुलाला ठाऊक असते, ते आपल्याला नसते

बाबासाहेबांनी आपल्या बालपणाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. साताऱ्याच्या शाळेत ते एका कोपऱ्यात गोणपाटावर वेगळे बसत. ते गोणपाट त्यांना रोज घरी न्यावे व परत आणावे लागे. शिपाई हजर नसला तर पाणी मिळत नसे. सन १९०१ च्या सुमारास ते भावंडांसह वडिलांकडे निघाले व मसूर स्टेशनावर उतरले. त्यांचे पत्र वडिलांच्या हाती पडले नव्हते, म्हणून न्यावयास कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तरांची मुद्रा बदलली. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक गाडीवान तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर. जवळ शिदोरी होती, पण पाणी मिळेना, म्हणून मुलांना रात्र उपाशी काढावी लागली.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर कोरलेली ही गोष्ट आयुष्यभर पुसली गेली नाही. यातून आपण काय घ्यावयाचे? वर्गात मूल कोठे बसते, त्याला कोण काय बोलते, कोणाच्या डब्याला हात लावू देत नाहीत, हे फक्त त्या मुलालाच ठाऊक असते. आई-बाप वर्गात नसतात. ‘शाळेत जायचे नाही’ असे मूल म्हणाले की आपण त्याला आळशी ठरवितो व दोन धपाटे घालतो. पण का जायचे नाही, हे विचारीत नाही. कदाचित त्याला आडनावावरून चिडवीत असतील, कदाचित मारीत असतील. कारण कळले तर उपाय करता येतो. धपाट्याने फक्त कारण झाकले जाते.

मुलाच्या बोलण्यात केवढे सामर्थ्य असते, हे जोतीराव व सावित्रीबाईंनी जाणले होते. त्यांच्या पुण्याच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातील मुक्ता ही मुलगी सुमारे चौदा वर्षांची होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असा रोकडा सवाल त्या मुलीने केला. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे या प्रश्नानंतर शंभर वर्षांनी. शिक्षकांनी तिला लिहू दिले, म्हणून तो प्रश्न जगापुढे आला. आपल्या घरातील किती मुक्तांचे प्रश्न चुलीपाशीच विझून जात असतील?

कायदाही हेच सांगतो

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार संमत केला. भारताने तो १९९२ साली स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे, ज्याला स्वतःचे मत बनविता येते अशा प्रत्येक मुलाला आपल्याशी संबंधित बाबतीत मत मांडण्याचा हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन द्यावयाचे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारणे व त्याचा मानसिक छळ करणे यांस मनाई केली आहे. अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह कायद्याला मान्य नाही. संकटातील मुलासाठी १०९८ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो तुमच्या मुलांना पाठ असू द्या.

ऐकावे कसे?

१. वेळ ठरवा. आठवड्यातून एकदा, घरी वंदना झाल्यावर, पंधरा मिनिटे फक्त मुलांनी बोलावे.

२. साधे प्रश्न विचारा. या आठवड्यात कशाने बरे वाटले? कशाची भीती वाटली? घरात काय बदलावे? पुढे काय व्हावेसे वाटते?

३. मध्येच तोडू नका, हसू नका. ‘तुला काय कळते?’ हे वाक्य घरातून हद्दपार करा.

४. मुलीला आधी बोलू द्या. ती गप्प राहिली तर तिला बोलायचे नाही असे समजू नका. गप्प राहण्याची तिला सवय लावली गेली आहे. आईने तिच्याशी एकटीशी बोलावे.

५. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत सांगू नका.

६. पुढच्या बैठकीत उत्तर द्या. म्हणणे मान्य केले तर तसे सांगा. मान्य करता आले नाही तर त्याचे कारण सांगा.

कोणी म्हणेल, ‘असे केल्याने मुले डोक्यावर बसतील.’ ऐकणे आणि मुलाचा प्रत्येक हट्ट पुरविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिगालोवाद सुत्तात मुलांना पापापासून आवरणे हे आई-वडिलांचे पहिले कर्तव्य सांगितले आहे. ते सोडावयाचे नाही. मुलाला शाळा सोडावीशी वाटली तर ती सोडू देऊ नका, पण कारण मात्र ऐका. त्याच सुत्तात मुलाला विद्या व शिल्प शिकविण्याचे कर्तव्यही आहे. कोणते शिल्प, हे मुलाचा कल विचारल्यावाचून कसे कळेल? बापाला इंजिनिअर हवा असतो आणि मुलाचा हात चित्रात चालतो. अशा वेळी तिघांनी मिळून बसावे, शिक्षकांचा सल्ला घ्यावा, खर्चाचा आकडाही मुलापुढे मोकळेपणाने मांडावा. घरातील ओढाताण सांगितली तर मुले ती समजून घेतात.

कधी मुलाचा प्रश्न आपल्यालाच अडचणीत टाकतो. नव्याने दीक्षा घेतलेल्या घरात एक प्रश्न हमखास येतो : ‘आपण जात सोडली, तर शाळेच्या अर्जात ती का लिहायची?’ या प्रश्नावर रागावू नका. मुलाने आपल्या धम्माचा अर्थ मनावर घेतला, याचीच ती खूण आहे. त्याला सांगा की, आपण जात मानीत नाही. दाखल्यावरील नोंद ही आपली श्रद्धा नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायाचा तो पुरावा आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने लागू झाल्या, त्या याच पुराव्यावर. तरीही त्याचे समाधान झाले नाही, तर तो प्रश्न विहारात सर्वांपुढे मांडू द्या. ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपल्या मुलाने आपल्याला उलट विचारले तर त्यात वावगे काय?

या पंधरवड्याचा अभ्यास

पुढील अंक हाती येईपर्यंत दोन बैठका घरी घ्या. मुलांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी निदान एक गोष्ट अमलात आणा, मग ती अभ्यासासाठी दिवा व कोपरा देण्याची असो, की बापाने दारू पिऊन घरी न येण्याची असो. ही दुसरी गोष्ट ऐकणे जड जाईल. पण पाचवे शील आपण रोज म्हणतो, आणि ते पाळले जाते की नाही, हे घरात सर्वांत आधी मुलालाच कळते.

जय भीम! नमो बुद्धाय!