ड्रेप पडण्याआधी

चि. मधुरा,


तुझं पोस्टिंग आता न्यूरोच्या ओटीत लागल्याचं ताईने सांगितलं. तिथे दोन्ही हात अंगालगत गुंडाळले, टेबल फिरवलं, ड्रेप पडले, की पेशंटचा हात तुला दिसणार नाही. म्हणून लाइनची काळजी ड्रेप पडण्याआधीच घ्यायची. नंतर सर्जनच्या कोपराखालून चाचपडत बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

कॅन्युलावर पारदर्शक ड्रेसिंग लाव, म्हणजे टोचलेली जागा दिसत राहते. एक्स्टेन्शनचा एक वळसा घालून तो वेगळ्या पट्टीने चिकटव. कुणाचा पाय नळीत अडकलाच, तर ओढ त्या पट्टीवर येते, शिरेवर नाही. प्रत्येक लुअर लॉक स्वतःच्या हाताने पिळून बघ. थ्री-वे कातडीत रुतू नये म्हणून खाली गॉजची घडी हवीच. तासन् तास चालणाऱ्या केसमध्ये तेवढ्यानेही जखम होते. हात गुंडाळून झाला की सलाईन एकदा पूर्ण सोड आणि आधीसारखंच पळतंय ना ते बघ.

प्रोपोफॉलच्या इन्फ्युजनवर केस असेल, तर ती नळी म्हणजेच भूल. नळी सुटून औषध चादरीत गेलं, तर पंप बहुधा गप्पच राहतो. त्याला अडथळा कळतो, गळती कळत नाही. आणि स्नायू शिथिल केलेला माणूस जागा झाला तरी बोट हलवू शकत नाही. याहून भयंकर काय असेल! भुलीतल्या जागेपणावरचा ब्रिटन-आयर्लंडचा मोठा अहवाल २०१४ मध्ये आला, त्यातही शक्य तिथे कॅन्युला डोळ्यांसमोर ठेवा असंच सांगितलंय.

आर्टरी लाइनचा धोका वेगळा. ती सुटली तर रक्त ड्रेपखाली साचत जातं, म्हणून तिचा अलार्म कधीही बंद करू नकोस. तिच्या थ्री-वेवर लाल लेबल लाव. चुकून थायोपेन्टोन त्यातून गेलं तर बोटं गमवावी लागू शकतात. प्रेशर बॅग ३०० वर आहे ना, तेही अधूनमधून बघ. टेबल १० सेंमी वर घेतलं आणि ट्रान्सड्यूसर स्टँडवरच राहिला, तर बीपी सुमारे साडेसात मिलिमीटरने खोटंच जास्त दिसतं. मेंदूच्या पेशंटला एवढा फरकही महागात पडू शकतो. डोकं उंच असेल तर ट्रान्सड्यूसर कानाच्या पातळीला बांध.

पेशंटला पालथं करताना मी आर्टरी लाइन जोडलेलीच ठेवते, बाकी जवळजवळ सगळं सोडवते. कोणती नळी कुठून गेलीय ते हात लावणाऱ्या प्रत्येकाला, ओटीतल्या मामांना आणि सिस्टरनाही, आधी मोठ्याने सांग. आकडे मोजायचे ते डोक्याशी उभं राहून तूच. सर्जनची कितीही घाई असो, तू म्हणशील तेव्हाच पेशंट वळेल. उलटवून झालं की आधी ट्यूब, मग प्रत्येक लाइन पुन्हा तपास आणि त्यानंतरच ड्रेप टाकू दे.

तुमच्याकडे ट्रान्सड्यूसर टेबलाला बांधतात की स्टँडला, ते कळव.

तुझी,
मावशी