गाडीत वाचायचं ते रात्रीच उतरव

अगं, मराठी बोलतेस तू छान. आईशी, मावशीशी तेच तर चालतं. शाळा हिंदीतून झाली म्हणून वाचताना अडखळतेस, एवढंच. आता रोज भुसावळला जाणार आहेस, तर गाडीतला तो तासभर वाचनाला दे. पण डब्यात बसून लेख शोधू नकोस. रेंज कधी असते, कधी नसते. आणि असली तर रीलमध्ये कधी शिरलीस ते तुला कळायचंही नाही.

लेख रात्री घरीच उतरवून ठेव. क्रोमच्या कोपऱ्यातली तीन टिंबं दाबलीस की खाली तोंड केलेला बाण दिसतो. तो दाबला की पान फोनमध्ये. विकिपीडियाच्या ॲपमध्ये जतन केलेला लेखही नेटशिवाय उघडतो. किविक्सवर तर अख्खा मराठी विकिपीडिया उतरवता येतो, पण इतक्यात त्याच्या नादी लागू नकोस. एवढं समोर असलं की काय वाचू, काय नको यातच सावदा स्टेशन येतं.

आणि हो, जे खरंच आवडेल त्याची पीडीएफ करून आपल्याजवळ ठेव. लेख साठवायला कितीतरी लोक पॉकेट नावाचं ॲप वापरायचे. मोझिलानं ते ८ जुलै २०२५ला बंद करून टाकलं.

आता खरं सांगायचं ते. सुरुवातीला आपल्या बऱ्हाणपूरबद्दलचेच लेख घे. मुमताजमहल १६३१ साली इथं वारली, तिला आधी तापीपलीकडे आहुखान्याच्या बागेत पुरलं होतं, जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे, कुंडी भंडाऱ्याचं पाणी जमिनीखालून शहरात यायचं, हे सगळं तू लहानपणापासून ऐकलंयस. गोष्ट माहीत असली की अनोळखी शब्दाचा अर्थ अंदाजानं लागतो. तोच शब्द शेअर बाजारावरच्या लेखात आला असता तर तू तिथंच थांबली असतीस. मग हळूहळू केळीच्या भावाकडे, पाककृतींकडे वळ. संपादकीयाची घाई नको. त्यातलं मराठी काही वेळा मलाही जड जातं.

लांबलचक शब्दांना बिचकू नकोस. हिंदीत 'किले में' सुटं लिहितात, आपण 'किल्ल्यात' जोडून लिहितो आणि मूळ शब्दही थोडा वळवतो. शेवटचं अक्षर बोटानं झाकून बघ, आतला किल्ला दिसेल. लिपी एकच असल्यामुळे तुझी नजर भराभर पुढं पळते आणि समजल्यासारखं वाटतं. म्हणून ओठ हलवत वाच. शेजारची बाई बघेल, बघू दे. अडलेला शब्द तिथल्या तिथं शोधू नकोस, खूण कर. घरी आईला विचार. तिला फार बरं वाटेल.

वर्तमानपत्राचा कागद बनवणारी देशातली पहिली गिरणी आपल्याच जिल्ह्यात, नेपानगरला. आणि आपल्या पोरी मराठी पेपर बघून कचरतात! असो.

साठवण्याचा मात्र सोस नको. उतरवलेला लेख म्हणजे वाचलेला लेख नव्हे. फोनमध्ये एका वेळी दोन-तीनच ठेव. आज रात्री कुंडी भंडाऱ्याचा एक उतरव. जाताना संपला नाही तर परतीच्या गाडीत तोच पुरा कर, आणि तो होईपर्यंत नवा घेऊ नकोस.