देवगिरीचें सुवर्णनाणें

कराविषयीं प्रश्न विचारून शास्त्री लोकांनीं प्रभु येशूस पेंचांत धरूं पाहिलें, तेव्हां त्यानें एक दिनार मागवून तीवरील मुखवटा कोणाचा हें त्यांनाच विचारिलें. हा वृत्तांत आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. त्या दिनारावर रोमच्या कैसराचा चेहरा होता. आतां, ज्या देवगिरीचा किल्ला आपल्या शहरापासून सुमारें १५ किलोमीटरांवर उभा आहे, तेथील यादव राजांनीं आपल्या सोन्यावर काय उमटविलें?

चेहरा मुळींच नाहीं. यादवांच्या या नाण्यास पद्मटंक म्हणतात. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. सोन्याच्या चकतीच्या मध्यभागीं पाकळ्यांचें कमळ आणि सभोंवार श्रीकार, शंख व राजाचें नांव यांचे लहान लहान ठसे असतात. हे ठसे एकदम उठत नसत. कारागीर एकेक ठसा धरून वरून हातोडा मारी. घाव एकाच बाजूचे, म्हणून चकती बशीसारखी खोलगट होई आणि पाठ कोरी राही. सिंघण (१२१०–१२४६) असो कीं रामचंद्र (१२७१–१३११), त्याचें नांव नागरी अक्षरांत कडेला येतें. मधली जागा लक्ष्मीच्या कमळाची. एवढ्या बलाढ्य राजांनीं कडेची जागा पत्करावी, याचें मला नेहमीं कौतुक वाटतें.

इटलींतील लोंबार्ड राजांची रीत निराळी. ते प्रथम बायझंटाइन सम्राटाच्याच नांवाचीं व मुखवट्याचीं सुवर्णनाणीं पाडीत. पुढें कुनिंकपर्ट राजानें (६८८–७००) स्वतःचें नांव व मुखवटा घातला आणि मागील बाजूस आद्यदेवदूत मिखाएल उभा केला.

यादवांचें राज्य लयास गेल्यावर देवगिरीचें दौलताबाद झालें. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास तेथें राजधानी नेली, आणि १३२९–३० पासून तांब्या-पितळेचीं नाणीं चांदीच्या टंकाच्या भावानें चालविण्याचा हुकूम केला. त्यांपैकीं कांहीं दौलताबादेसच पाडिलीं गेलीं. त्यांवर चित्र नव्हतें, लेख होता: सुलतानाची आज्ञा पाळणें म्हणजे ईश्वराचीच आज्ञा पाळणें, अशा अर्थाचा. परंतु पितळ कोणासही मिळतें आणि तो ठसा कोणासही कोरितां येई. घरोघरीं टांकसाळी निघाल्या, व्यापारी तें नाणें घेईनात. दोन-तीन वर्षांत सुलतानास तें मागें घ्यावें लागलें. मोबदल्यांत त्यानें खजिन्यांतून खरें सोनेंरुपें दिलें. परत आलेल्या पितळी नाण्यांचे तुघलकाबादेस डोंगराएवढे ढीग पडले, असें त्या काळचा इतिहासकार बरनी सांगतो.